अणुभट्टीचे शेवटचे प्रात्यक्षिक

अणुभट्टी सुरू होते त्या दिवसाची नोंद सगळीकडे असते. विखंडनाची साखळी पहिल्यांदा आपल्या बळावर चालू लागली ती तारीख पुस्तकांतून सापडते. 'अप्सरा' ही आपली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे सुरू झाली, हे स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले पाठ करतात. तीच अप्सरा बंद झाल्यावर तिचे काय करावे लागले, असे त्यांना विचारून पाहा. मुले गोंधळतील आणि बहुधा शिक्षकही घुटमळतील. दोष त्यांचा नाही. आपल्या विज्ञानलेखनाने अणुभट्ट्यांच्या बारशाला गर्दी केली आणि बाराव्याला कोणी फिरकले नाही.

कायमची बंद केलेली भट्टी रिकामी करणे, मोडणे आणि ती जागा पुन्हा सर्वांसाठी मोकळी करणे, या सगळ्या कामाला डीकमिशनिंग म्हणतात. हाच शब्द युद्धनौकेलाही लावतात. विक्रांत १९९७ साली नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ पासून तोडली गेली. मराठीत आपण सरळ 'मोडीत काढणे' म्हणू. मात्र यातली मोड भंगारवाल्याकडे घालता येत नाही, एवढा फरक आहे.

मोठ्या वीजकेंद्राची गोष्ट अवाढव्य असते आणि तिच्यात राजकारण व अर्थकारण इतके मिसळलेले असते की विज्ञान बाजूला राहते. म्हणून येथे एक लहान भट्टी निवडली आहे. ती अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिअॅटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात होती. तिचे मोडणे तांत्रिकदृष्ट्या नीट पार पडले. तरीही त्या सबंध प्रकरणात एक मोठी चूक झाली असे माझे मत आहे. ती चूक किरणोत्साराची नव्हे, शिक्षणाची होती. ती पटण्यासाठी आधी भट्टीची ओळख करून घ्यायला हवी.

ही भट्टी 'आर्गोनॉट' जातीची. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९५७ साली या नमुन्याची पहिली भट्टी उभारली. विद्यापीठीय प्रशिक्षणासाठी आर्गॉनने केलेली आण्विक जुळणी, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांतून अक्षरे उचलून हे नाव बनवले आहे. म्हणजे शिकवणे हा या भट्टीचा जोडधंदा नव्हता. तिच्या नावातच तो होता. ॲल्युमिनिअमच्या आवरणात बसवलेल्या युरेनियमच्या पट्ट्या, त्यांच्यामधून खेळणारे पाणी, भोवती ग्राफाइटच्या विटा आणि या सर्वांना वेढणारी काँक्रीटची जाड भिंत, एवढाच तिचा संसार. पाणी आणि ग्राफाइट न्यूट्रॉनांचा वेग कमी करतात, म्हणजे मंदकाचे काम करतात. काँक्रीट बाहेरच्या माणसांना जपते.

सिअॅटलची भट्टी १९६१ साली सुरू झाली तेव्हा तिची औष्णिक शक्ती १० किलोवॅट होती. घरातला पाणी तापवायचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. तेव्हा पाच गिझरांइतकी उष्णता. १९६७ मध्ये ही शक्ती १०० किलोवॅटपर्यंत वाढवली, म्हणजे पन्नास गिझर. मोठ्या वीजकेंद्रातली एक भट्टी सुमारे ३,००० मेगावॅट उष्णता देते. दोन्हींना आपण अणुभट्टी हेच नाव देतो, पण त्यांच्यात तीस हजार पटींचे अंतर आहे. वर्तमानपत्रे हे अंतर विसरतात आणि वर्गातही ते बहुधा सांगितले जात नाही.

या अंतराचे परिणाम महत्त्वाचे आहेत. विखंडन थांबवल्यावरही इंधनात साचलेल्या किरणोत्सारी तुकड्यांमुळे काही उष्णता निघत राहते. बंद केल्याच्या क्षणी ती मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के असते आणि दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. ३,००० मेगावॅटच्या अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॅट. ती उष्णता सतत काढून न्यावी लागते आणि २०११ साली फुकुशिमात नेमके तेच जमले नाही. १०० किलोवॅटच्या अर्धा टक्का म्हणजे ५०० वॅट. एवढी उष्णता इस्त्रीतूनही निघते. ती आपसूक निघून जाते, त्यासाठी पंप लागत नाही.

म्हणूनच सिअॅटलच्या वास्तुरचनाकारांना एक धाडस करता आले. त्यांनी भट्टीचे दालन उतारावर, अर्धे जमिनीत, असे बांधले आणि वरच्या बाजूला मोठमोठ्या काचा बसवल्या. आवारातून जाणारा कोणीही विद्यार्थी थांबून खाली चाललेले काम पाहू शकत असे. शीतयुद्धाच्या त्या काळात अणूशी संबंधित बहुतेक गोष्टी कुंपणाआड घडत होत्या. येथे भिंतच पारदर्शक केली होती. काचेमुळे किरणोत्सार बाहेर येईल, ही भीती निराधार होती, कारण संरक्षणाचे काम भट्टीला चिकटून असलेले काँक्रीट करत होते, इमारतीची भिंत नव्हे. मला स्वतःला ती इमारत, छायाचित्रांवरून का होईना, फारशी देखणी वाटत नाही. नुसते काँक्रीट उघडे टाकण्याची ती त्या काळची पद्धत. पण तिच्यामागचा विचार देखणा होता, हे मान्य करायलाच हवे.

१९७९ मध्ये थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि १९८६ मध्ये चेर्नोबिलचा. वॉशिंग्टन राज्यात तर १९८३ साली अणुवीजकेंद्रे उभारणाऱ्या सार्वजनिक संस्थेने रोख्यांचे पैसे बुडवले, आणि त्या विषयावरचा लोकांचा विश्वास आणखी उडाला. विद्यार्थी या शाखेकडे येईनासे झाले. १९८८ मध्ये भट्टी बंद झाली. १९९२ मध्ये विद्यापीठाने अणुअभियांत्रिकीचा विभागही बंद केला. भट्टी मोडण्याचे काम मात्र २००६ साली सुरू झाले. हे वर्षांचे अंतर ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

भट्टी मोडण्यात पहिले काम इंधनाचे. अमेरिकेत विद्यापीठांच्या भट्ट्यांतले इंधन केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्याच्या मालकीचे असते आणि वापरानंतर ते खाते ते परत नेते. एकदा इंधन गेले की भट्टीतली बहुतांश किरणोत्सारिता गेली. येथे एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतो, कारण ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. लहान भट्टीचे इंधन कमी किरणोत्सारी असते, म्हणून ते कमी धोक्याचे, असे आपण म्हणू. हाताळणाऱ्याच्या दृष्टीने ते खरे आहे. १ ग्रॅम युरेनियम-२३५ चे विखंडन झाले की साधारण १ मेगावॅट-दिवस ऊर्जा मिळते. त्या हिशेबाने १०० किलोवॅटची भट्टी दहा दिवस अहोरात्र पूर्ण शक्तीने चालवली तर जेमतेम १ ग्रॅम इंधन जळेल. आणि विद्यापीठाची भट्टी काही अहोरात्र चालत नाही. म्हणजे वर्षानुवर्षे वापरूनही इंधन जवळजवळ कोरेच राहते.

पण अमेरिकेतल्या अशा कित्येक भट्ट्यांमध्ये ९० टक्क्यांहून अधिक समृद्ध केलेले युरेनियम वापरले जात असे, आणि ते बाँबलाही चालते. वीजकेंद्रातून निघालेल्या इंधनाजवळ चोर जाऊच शकत नाही. त्याचा किरणोत्सारच त्याचा पहारेकरी असतो. एक मीटर अंतरावर ताशी सुमारे १ सिव्हर्ट इतका मारा असेल तर इंधन स्वतःचे रक्षण स्वतः करते, असे सुरक्षातज्ज्ञ मानतात. शिकवण्याच्या भट्टीतल्या कोऱ्यासारख्या इंधनाला असा पहारेकरी नसतो. म्हणूनच १९७८ पासून अमेरिकेने संशोधन भट्ट्यांसाठी कमी समृद्ध इंधन तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८६ मध्ये तेथील अणुनियामक आयोगाने विद्यापीठांनाही ते बदलण्याचा नियम केला. अटलांटाच्या जॉर्जिया टेक संस्थेच्या आवारात १९९६ च्या ऑलिंपिकचे क्रीडाग्राम होणार होते. स्पर्धेच्या आधी तिथल्या ५ मेगावॅटच्या भट्टीतले इंधन बाहेर नेण्यात आले ते याच विचाराने.

इंधन गेल्यावर जे उरते ते न्यूट्रॉनांचे देणे. भट्टी चालू असताना न्यूट्रॉन सभोवतालच्या वस्तूंमध्ये शिरतात आणि तिथल्या काही अणूंना किरणोत्सारी करतात. पोलादात कोबाल्टचा अंश असतो. त्याचा कोबाल्ट-६० होतो. काँक्रीटच्या खडी-वाळूत युरोपिअम हे मूलद्रव्य अगदी नाममात्र असते, दहा लाखांत एखादा भाग. पण त्याला न्यूट्रॉन गिळण्याचा विलक्षण हव्यास आहे, म्हणून तो एवढासा अंशही युरोपिअम-१५२ बनून त्रास देतो. ग्राफाइटमध्ये अडकलेल्या नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होतो. लिथिअमच्या अंशापासून ट्रिटिअम.

सिअॅटलची भट्टी बंद होणे आणि मोडणे यांत १८ वर्षे गेली. या १८ वर्षांनी काय साधले? हे गणित बारावीचा विद्यार्थी करू शकतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, १८ वर्षांत त्याची सुमारे साडेतीन अर्धायुष्ये झाली, उरला ९ टक्के. ट्रिटिअमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, उरला ३६ टक्के. युरोपिअम-१५२ चे साडेतेरा वर्षे. उरला ४० टक्के. आणि कार्बन-१४? त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. १८ वर्षांनंतर तो ९९.८ टक्के जिथल्या तिथे. तेव्हा 'थांबलो म्हणून किरणोत्सार कमी झाला' हे विधान पोलादाच्या बाबतीत खरे, काँक्रीटच्या बाबतीत निम्मेशिम्मे खरे आणि ग्राफाइटच्या बाबतीत जवळजवळ खोटे आहे. पाठ्यपुस्तकांत अणुकचरा 'हजारो वर्षे' किरणोत्सारी राहतो असे सरसकट वाक्य असते. कोणता अणू आणि किती, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. अणुऊर्जेचे पाठीराखे याच्या उलट टोकाला जातात आणि 'काही वर्षांत सगळे निवते' असे सांगतात. तेही तितकेच सैल आहे.

आता माझा पहिला आक्षेप. थांबल्याने कोबाल्ट कमी होतो, तशी माहितीही कमी होते, आणि माहितीचे अर्धायुष्य कोबाल्टपेक्षा फारसे मोठे नसते. कोणत्या नळीत कधी काय अडकले होते, कुठल्या कोपऱ्यात काय सांडले होते, हे भट्टी चालवणाऱ्यांना माहीत असते. ते सगळेच नोंदवहीत उतरलेले नसते. सिअॅटलच्या या दालनातही १९७२ साली एका नमुन्यातले प्लुटोनिअम अल्प प्रमाणात बाहेर पडले होते. त्यात कोणाला इजा झाली नाही. पण मोडणाऱ्याला अशी प्रत्येक घटना जागेसकट ठाऊक असावी लागते. विभाग १९९२ मध्ये बंद झाला तेव्हा मोडण्याचे काम अजून १४ वर्षे दूर होते. प्रतीक्षेचा ताळेबंद मांडायचा तर किरणोत्साराची घट जमेच्या बाजूला आणि माणसांची पांगापांग खर्चाच्या बाजूला लिहायला हवी. नियोजनात पहिली ओळ नेहमी असते. दुसरी क्वचितच.

पैशाचेही असेच आहे. अमेरिकी नियमांनुसार भट्टीच्या मालकाला ती मोडण्याच्या खर्चाची तजवीज आधीच दाखवावी लागते. वीजकंपन्यांना त्यासाठी वेगळा निधी साठवावा लागतो. सरकारी विद्यापीठांना मात्र सवलत आहे: खर्चाचा अंदाज आणि 'वेळ येईल तेव्हा पैसे मिळवू' असे हेतुपत्र दिले तरी चालते. हे कायद्याला धरून आहे, पण शहाणपणाला धरून आहे असे मला वाटत नाही. वेळ येते तेव्हा भट्टीला ना विद्यार्थी असतात ना संशोधन. अशा मृत वस्तूसाठी पैसा मागणारा आवाज विद्यापीठाच्या सभेत फार क्षीण असतो.

प्रत्यक्ष मोडण्याच्या कामाबद्दल मात्र तक्रार नाही. अशा कामात आधी सबंध इमारतीची मोजणी करून किरणोत्सार कुठे आहे याचा नकाशा बनवतात. काँक्रीटमध्ये भोके पाडून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढतात, कारण न्यूट्रॉन किती आत पोचले ते वरून दिसत नाही. मग धातूचे भाग सुटे करतात, ग्राफाइटच्या विटा एकेक करून उचलतात आणि काँक्रीट हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने कापतात. धूळ उडू नये म्हणून पाणी सोडायचे, ते पाणीही गोळा करून तपासायचे. माझ्या उमेदवारीच्या काळात किरणोत्सारी द्रव्ये वापरणाऱ्या प्रयोगशाळेत मी काही वर्षे काढली. तिथे दर आठवड्याला कागदी चकतीने बाके आणि फरशी पुसून ती चकती मोजयंत्राखाली धरायची, हे काम नवशिक्याकडे असे. अतिशय कंटाळवाणे, पण 'स्वच्छ' या शब्दाला आकडा असतो हे मी तिथे शिकलो.

तो आकडा अमेरिकेत असा आहे: मोडलेल्या जागेत उरलेल्या किरणोत्सारामुळे कोणालाही वर्षाला ०.२५ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, आणि शक्य असेल तितकी ती त्याहून कमी करावी. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे जेवढे निसर्ग देतो त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकी ही मुभा. एवढा लहान आकडा निसर्गाच्या गोंगाटातून वेगळा काढायचा, हे सोपे नाही. तेथे संख्याशास्त्र लागते. अमेरिकेतील चार केंद्रीय खात्यांनी मिळून १९९७ मध्ये 'मार्सिम' नावाची मार्गदर्शिका काढली. तिची सुरुवात एका गृहीतकापासून होते: जागा दूषित आहे. मोजमापांनी ते गृहीतक खोडून काढता आले तरच जागा मोकळी म्हणायची. न्यायालयात आरोपी निर्दोष धरतात, येथे दोषी धरतात. पुरेशी मोजमापे घेतली नाहीत तर 'दोष सापडला नाही' म्हणून सुटका होत नाही. उलट जागा दूषितच ठरते. शून्य-गृहीतक कोणते निवडायचे हा नुसता गणिती प्रश्न नसून चुकीची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न आहे, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आणि येथेच माझा मुख्य आक्षेप येतो. वर सांगितलेले सगळे पुन्हा नजरेखालून घाला. अर्धायुष्याची गणिते, न्यूट्रॉनांचा काँक्रीटमधला प्रवास, अत्यल्प अशुद्धतेचा मोठा परिणाम, नमुने काढण्याची रीत, गृहीतक खोडण्याची शिस्त, पैशाची तजवीज. चालू भट्टीवर विद्यार्थ्यांना जे शिकवत, त्यापेक्षा हा अभ्यासक्रम कितीतरी भरघोस आहे. शिकवण्यासाठीच बांधलेल्या यंत्राने जाता जाता द्यायचा हा सर्वांत मोठा धडा. पण २००६ साली तो घ्यायला विद्यापीठात अणुअभियांत्रिकीचा विभागच नव्हता. काचेच्या भिंतींआड सुरुवात झालेल्या भट्टीचा शेवट एक साफसफाईचे काम म्हणून उरकला गेला. विद्यार्थी मिळत नव्हते म्हणून विभाग बंद केला, हे कारण खोटे नाही. पण विद्यार्थी नसलेला विषय आणि काम उरलेला विषय यांत फरक करायला हवा होता. मोडण्याचे काम १९९० च्या आसपास, विभाग जिवंत असतानाच आखले असते तर किरणोत्सार अर्थातच जास्त असता, खर्चही कदाचित वाढला असता. तो खर्च सार्थकी लागला असता असे मी म्हणेन.

पुढची हकीकत इमारतीची. २००६ मध्ये सुरू झालेले काम दोनेक वर्षांत पुरे झाले, भट्टीचा परवाना संपला आणि जागा कोणत्याही वापराला खुली झाली. विद्यापीठाने २००८ मध्ये इमारत पाडायचे ठरवले. वास्तुकलेच्या विद्यार्थिवर्गातून विरोध झाला, पाडणे टळले आणि २००९ मध्ये ती इमारत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली. या नोंदवहीत साधारणतः पन्नास वर्षांहून जुन्या वास्तू घेतात. ही ४८ वर्षांची होती. पण संगणकशास्त्राच्या नव्या इमारतीसाठी विद्यापीठाला तीच जागा हवी होती. वास्तू जपणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. जुलै २०१६ मध्ये इमारत पाडली गेली. बरोबर एक वर्षाने, जुलै २०१७ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सिअॅटल शहराचा वारसा-संरक्षणाचा नियम विद्यापीठालाही लागू होतो असा निकाल दिला. तोवर तिथे जपायला काही उरले नव्हते. नवी इमारत २०१९ मध्ये उघडली.

जुन्या इमारतींवर गळे काढणारा मी नाही. विद्यापीठाच्या आवारात जागा महाग असते आणि अर्धे जमिनीत गेलेले काँक्रीटचे दालन वर्गखोली म्हणून गैरसोयीचे, हेही खरे. माझा मुद्दा निराळा आहे. सामान्य माणसाच्या मनात 'सुरक्षित' आणि 'नाहीसे' हे शब्द एकच होऊन बसले आहेत. भट्टी होती ती जागा सपाट झाली, वर हिरवळ आली, की त्याला हायसे वाटते. प्रत्यक्षात सिअॅटलची इमारत परवाना संपल्या दिवसापासून सुरक्षित होती. पाडल्याने तिच्या सुरक्षिततेत काडीची भर पडली नाही. ती उभी असताना शिक्षकाला मुलांना आत नेऊन, हातात मोजयंत्र देऊन, 'येथे अणुभट्टी होती, आता मोज' असे सांगता आले असते. रिकाम्या प्लॉटवर ते प्रात्यक्षिक करता येत नाही. तिथे फक्त विश्वास ठेवावा लागतो.

हे कल्पनेतले बोलणे नव्हे. मिशिगन विद्यापीठात १९५७ पासून चाललेली फोर्ड अणुभट्टी होती, २ मेगावॅटची, म्हणजे सिअॅटलच्या वीसपट. ती २००३ मध्ये बंद झाली, मोडली गेली, आणि तिच्याच इमारतीची डागडुजी करून २०१७ मध्ये तिथे अणुअभियांत्रिकीची नवी प्रयोगशाळा उघडली. जिथे भट्टीचे पाण्याचे कुंड होते त्या वास्तूत आज विद्यार्थी प्रयोग करतात. अर्थात मिशिगनने आपला विभाग बंद केला नव्हता, म्हणून त्यांना इमारतीची गरज होती. सिअॅटलमधल्या भांडणात २०१६ च्या पाडापाडीवर पुष्कळ शाई खर्च झाली. माझ्या मते खरा निर्णय १९९२ साली झाला होता. २०१६ मध्ये फक्त बुलडोझर आला.

आपल्याकडे विद्यापीठांच्या आवारात अशा भट्ट्या नाहीत. संशोधन भट्ट्या अणुऊर्जा विभागाच्या संस्थांमध्ये आहेत. अप्सरा पन्नासहून अधिक वर्षे चालून बंद झाली आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी तुर्भे येथेच 'अप्सरा-यू' ही २ मेगावॅटची भट्टी कमी समृद्ध इंधनावर सुरू झाली. ४० मेगावॅटची सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची थांबली. झर्लिना त्याआधीच, १९८३ मध्ये. या भट्ट्यांच्या सुरुवातीवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यांच्या शेवटावर शाळा-महाविद्यालयांना कळेल असे लेखन माझ्या वाचनात आलेले नाही. सायरसमधल्या काँक्रीटमध्ये युरोपिअम किती, हा प्रश्न गुप्ततेचा नसून भूगर्भशास्त्राचा आहे; त्याचे उत्तर कोकणच्या वाळूत आणि खडीत शोधायला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही आवडेल.

आर्गोनॉट जातीची एक भट्टी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडा विद्यापीठात आहे. ती १९५९ सालची, सिअॅटलच्या भट्टीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. २००६ मध्ये, म्हणजे सिअॅटलला मोडतोड सुरू झाली त्याच वर्षी, तिच्यात कमी समृद्ध इंधन बसवले गेले. तिथे हा विषय अजून शिकवला जातो. तिलाही कधीतरी मोडावे लागेल. तोपर्यंत तिच्या भिंतीतल्या काँक्रीटच्या एका तुकड्याचे पृथक्करण, तिच्या नोंदवह्यांची नीट लावलेली यादी आणि तिच्यावर काम केलेल्या वृद्ध तंत्रज्ञांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, एवढे काम तिथल्या विद्यार्थ्यांना पुढच्या सत्रात प्रकल्प म्हणून देता येईल. त्यासाठी भट्टी थांबवावी लागत नाही.